चाच्याला दिलेला शब्द

२२ सप्टेंबर २००८, सोमवार
ॲन आर्बर

कालपासून मी नीलाशी खोटं बोलते आहे, आणि ते मला इतकं सहज जमतं आहे याचंच नवल वाटतं.

काल दुपारी नीला झोपली होती तेव्हा रवींद्रांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. जावई एरवी माझ्याशी स्वयंपाकघरात बोलतात, म्हणून मला वाटलं गाडीचं काही दाखवायचं असेल. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "आई, अलिबागहून प्रतापचा फोन होता. देवदत्तचं जहाज पकडलंय."

प्रताप म्हणजे माझ्या दिरांचा मुलगा. मी इथे आल्यापासून आमच्या घरचा फोन तोच घेतो. देवू, माझा मुलगा, टँकरवर थर्ड इंजिनिअर आहे. सोमालियासमोरच्या समुद्रात चाच्यांनी जहाज धरलं आणि किनाऱ्याकडे नेलं. सगळे सुखरूप आहेत म्हणाले. मी विचारलं, कोण म्हणालं? कंपनी. आणि कंपनीला कोणी सांगितलं? रवींद्र म्हणाले, "त्यांनीच. चाच्यांनी."

मग आम्ही दोघं त्यांच्या गाडीत बसलो, गाडी जागेवरच होती, आणि नीलाला काही सांगायचं नाही असं ठरवलं. तिला आठवा महिना आहे. दोन वर्षांपूर्वीचं मूल राहिलं नाही. आता ब्लड प्रेशर वाढलंय, डॉक्टर दर आठवड्याला बोलावतात. रवींद्रांनी मला शब्द द्यायला लावला, मी त्यांना द्यायला लावला.

आमच्याकडे ही रीतच आहे. नीला झाली तेव्हा माझे वडील गेले होते. सासूबाईंनी मला ते सव्वा महिन्यानंतर सांगितलं. तोवर मी रोज विचारायची, बाबा नातीला बघायला का येत नाहीत, आणि त्या रोज नवीन कारण सांगायच्या. मला त्यांचा फार राग आला होता. आज संध्याकाळी नीलाने विचारलं, "देवूचा फोन नाही आला गं या आठवड्यात?" मी म्हटलं, जहाजावरचा सॅटेलाइट फोन बिघडलाय, प्रताप सांगत होता. आणि तिच्यासाठी अळीव भिजत घातले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

रवींद्रांच्या मोबाइलवरून कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात बोलले. राजीव म्हणून एक अधिकारी घरच्या माणसांशी बोलतात. सभ्य आहेत. मी विचारलं, सोडवायचं काम कोणाचं? त्यांनी समजावून सांगितलं. मालक हाँगकाँगचा. झेंडा पनामाचा. आतलं रसायन आणखी कोणाचं. माणसं पुरवली मुंबईच्या एजंटने. म्हटलं, मग माझा मुलगा कोणाच्या राज्यात आहे? ते म्हणाले, "मॅडम, टेक्निकली, पनामा."

पनामा मी लायब्ररीतल्या पृथ्वीच्या गोलावर शोधला. एका बोटाने झाकला जातो.

इथे घराच्या कोपऱ्यावरून बस मिळते, ती थेट लायब्ररीशी थांबते. नीलाला वाटतं आईला वाचनाचं वेड आहे. आहेच. मी अकरावी नापास. खरं वाचायला शिकले ते लग्नानंतर, अलिबागच्या वाचनालयात, आणि इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन. हे एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. संध्याकाळी मी मोठ्याने वाचायची आणि हे डोळे मिटून ऐकायचे. बिघडलेली बससुद्धा हे अशीच ऐकायचे. बॉनेट उघडायच्या आधी नुसते उभे राहायचे. देवूला शेजारी उभा करायचे. म्हणायचे, हात नंतर, आधी कान.

यांना जाऊन चार वर्षं झाली. आज पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, हे नाहीत. असं वाटल्याचं मग दिवसभर वाईट वाटलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

घट बसवले. नीलाच्या स्वयंपाकघरात शेतातल्या मातीऐवजी कुंडीतली माती.

लायब्ररीत प्रतिमा काम करते. नागपूरची, वीस वर्षं झाली तिला इथे. लायब्ररीत नसलेलं पुस्तक युनिव्हर्सिटीतून मागवून देते. मी चाच्यांविषयी पुस्तकं मागितली. कारण सांगितलं नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळात एकीला सांगितलं की शुक्रवारपर्यंत नीलाच्या कानावर जाईल. म्हटलं, आमच्या गावच्या कान्होजी आंग्र्यांवर वाचायचंय.

"लेकीच्या बाळंतपणाला आल्या अन् चाचे वाचून राहिल्या, ताई? बाकीच्या बायका डिंकाचे लाडू करतात."

"लाडू झाले करून."

तिने कॉम्प्युटरवर शोधलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. आमच्या आरमाराच्या सरखेलांवरची पुस्तकं 'पायरेट्स' या नावाखाली होती. आमच्या गावात त्यांची समाधी आहे, पुतळा आहे. शाळेत आम्ही त्यांच्यावर भाषणं केली आहेत. मला इतका राग आला की प्रतिमा म्हणाली, "मी नाही हो लिहिलं ते."

घरी येऊन वाचलं. भांडण असं होतं. कान्होजी म्हणत, हा किनारा छत्रपतींचा, मी त्यांचा सरखेल, या पाण्यातून जायचं तर माझं दस्तक घ्या. दस्तक म्हणजे परवाना. इंग्रज म्हणत, आमच्या जहाजाला आमचं दस्तक पुरे, तुमचं मागणारा तो चाचा. पोर्तुगीज दोघांनाही आपलंच घ्यायला सांगत. म्हणजे एकाच पाण्यात तीन तीन दस्तकं, आणि ज्याचं तुमच्याजवळ नाही त्याने तुम्हाला धरायचं. धरणारा स्वतःला राज्याचा चाकर म्हणतो, धरलेला त्याला चाचा म्हणतो. यावर वकिलांनी शंभर-दीडशे वर्षं कागद काळे केले.

मी अर्थात कान्होजींच्या बाजूने वाचत होते. मग एक पान आलं. एक इंग्रज बाई, अगदी तरुण. नवरा लढाईत तोफेचा गोळा लागून गेला, आणि तिला कुलाब्याला कैदेत ठेवलं. कुलाबा म्हणजे आमचाच किल्ला. ओहोटीला चालत जातो आम्ही. देवूला खांद्यावर घेऊन हे जायचे, मी मागून डबा घेऊन. त्या भिंतींच्या आत परक्या मुलखातले खलाशी महिने महिने बसून होते आणि कुठेतरी त्यांच्या आया होत्या, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

९ ऑक्टोबर, दसरा

आपट्याची पानं नाहीत, प्रतिमाने अंगणातल्या झाडाची पिवळी पानं दिली.

राजीव म्हणाले, बोलणी चालू आहेत, धीर धरा, पेपरवाल्यांशी बोलू नका. म्हटलं, मला इथे कोण विचारतंय.

एका इंग्रज कप्तानाची गोष्ट वाचली. कान्होजींच्याच काळातली. राजाची सही-शिक्क्याची सनद घेऊन निघाला. सनद असली की लूट करणारा चाचा होत नाही, फक्त शत्रूचं जहाज लुटायचं. त्याने आपल्या केरळच्या किनाऱ्याजवळ सुरतेकडे चाललेलं एक जहाज धरलं. त्या जहाजाजवळ फ्रेंचांचं दस्तक होतं, म्हणून तो म्हणाला हे शत्रूचंच. पण माल बड्या लोकांचा होता, बोभाटा झाला, आणि ज्यांनी सनद मिळवून दिली त्यांनी हात झटकले. लंडनला फाशी दिलं. तो चाचा होता का सरकारी माणूस, यावर पुस्तकांवर पुस्तकं आहेत.

मी त्या जहाजाच्या खलाशांना शोधत होते. आपलेच असणार, बहुतेक आपल्या किनाऱ्यावरचे. मला मिळालेल्या पुस्तकांत मालाच्या एकेका गाठीचा हिशोब आहे. रेशीम, मलमल, साखर, अफू. खलाशांचं पुढे काय झालं ते नाही. इथल्या पेपरात देवूच्या जहाजावर चार ओळी आल्या होत्या, त्यात 'बहुसंख्य भारतीय कर्मचारी' असं होतं. त्यातला एक कोण, हे मला माहीत आहे म्हणून कळलं, एवढंच.

त्याआधी एका चाच्याने औरंगजेबाचं जहाज लुटलं होतं, तेव्हा बादशहाने सुरतेतल्या इंग्रजांना त्यांच्याच वखारीत बेड्या घालून बसवलं होतं. भरपाई करा, नाहीतर बसा. औरंगजेबाविषयी चांगला शब्द मी आजवर काढला नव्हता. आज मनात म्हटलं, निदान कोणाला तरी पकडून ठेवण्याइतका तो मोठा होता. मी पनामात कोणाला पकडू?

जुने रोमन म्हणत, चाचा हा सगळ्या माणसांचा शत्रू. त्याला दिलेला शब्द पाळला नाही तरी पाप नाही. हे वाचून मी पुस्तक मिटलं. शब्दच पाळायचा नसेल तर बोलणी कशाची करतात? हे पुस्तक मालकाच्या हाती लागू नये.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज सकाळपासून लायब्ररीत होते. एका डच वकिलाचं वाचलं. तरुणपणी त्याला त्यांच्या व्यापारी कंपनीने कामाला लावलं होतं. कंपनीने पोर्तुगीजांचं एक भरलेलं जहाज धरलं होतं, आणि ते कायद्यात कसं बसतं हे त्याने दाखवायचं होतं. त्याने दाखवलं. म्हणाला, जिथे न्यायाधीश पोचत नाही तिथे माणूस आपला न्याय आपण करू शकतो. कंपनी असली तरी. मला वाटलं, हा पैसे घेऊन बोलणारा. पण पुढे चाळिशीत त्याने मोठा ग्रंथ लिहिला, त्यात म्हणतो की चाच्याला दिलेला शब्दसुद्धा पाळला पाहिजे. तो कितीही वाईट असो, तुम्ही त्याच्याशी माणूस म्हणून बोललात, तेव्हा शब्द झाला. ते पान मी दोनदा वाचलं. प्रतिमाकडून त्याची प्रत काढून घेतली. बाहेर ऊन होतं, झाडं लाल झाली होती, आणि मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. कोणीतरी समजूतदार माणूस भेटल्यासारखं.

घरी आले तर नीला स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली. पाठ कपाटाला, फोन मांडीवर. मी घाबरले. म्हणाली, काही नाही, बाळ खूप लाथा मारत होतं, गार फरशीवर बरं वाटलं. फोन कोणाचा? "राँग नंबर." मग जरा वेळाने म्हणाली, "आई, तू आता रोज रोज नको ना जाऊस लायब्ररीत. मला घरात कोणी असलं की बरं वाटतं." दिवस भरत आले की बाई अशी लहान होते. मी म्हटलं, नाही जाणार.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

नीलाचे डोहाळे आता वेगळेच. फोन सतत जवळ हवा. आंघोळीला जाताना मला सांगते, वाजला तर लगेच उचल. कॉलिंग कार्डावरून अलिबागला बोलत होते तर म्हणाली, लाइन अडवू नकोस, डॉक्टरांचा फोन यायचाय. डॉक्टरांचा काही आला नाही. टीव्हीवर बातम्या लागल्या की बंद करते. मला तेवढंच बरं.

आणखी एक चांगलं झालं. देवूचं विचारणं तिने सोडून दिलं आहे. आठवडा झाला, एकदाही नाव काढलं नाही. मला रोज नवीन खोटं शोधावं लागत होतं, तेवढं वाचलं. विसरली असेल. मूल व्हायचं असलं की बाकीचं जग मागे पडतं.

रवींद्र मात्र उतरले आहेत. त्यांच्या ऑफिसात माणसं कमी करणार म्हणतात. काल मी विचारलं, राजीव काय म्हणाले? त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आत नीलाकडे, आणि म्हणाले, "आई, मला खरंच या घरात कोणाशी काय बोलायचं ते कळेनासं झालंय." बिचारे. घरात दोन बायका, त्यातली एक सासू.

पुस्तकं प्रतिमा घरी आणून देते. परवा दाराशी उभी राहून काही चेष्टा केली नाही. माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, काही लागलं तर सांगा. कधीही." मी म्हटलं, सुंठ संपली आहे.

३० ऑक्टोबर, भाऊबीज

देवू दरवर्षी जिथे असेल तिथून फोन करायचा आणि म्हणायचा, नीलाताई, तुझी ओवाळणी कस्टम्समध्ये अडकली आहे. मी सकाळपासून कारण तयार ठेवलं होतं. तिने विचारलंच नाही. नुसतं म्हणाली, आपण चंद्राला ओवाळू. भाऊ दूर असला की ओवाळतात तसं.

सूर्य मावळल्यावर मागच्या अंगणात गेलो. खूप थंडी. शेजाऱ्यांच्या हिरवळीवर निवडणुकीच्या पाट्या. बीजेची कोर इतकी बारीक की मला आधी दिसलीच नाही, नीलाने दाखवली. तिने ताम्हण तीनदा फिरवलं आणि मग खाली ठेवेना. तेलवात विझली तरी हात तसाच. मी म्हटलं, अगं चल, गारठशील. ती म्हणाली, "तिकडे पण दिसत असेल ना आई, हाच?" म्हटलं, हो तर. तिकडे म्हणजे अलिबागला, असं मी धरलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल मुलगी झाली. सहा पौंड. दोघी ठीक. नाक यांचं आहे.

नीला शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाली तर, घरी फोनपाशी कोण आहे?

१९ नोव्हेंबर, बुधवार

बारसं झालं, स्वानंदी नाव ठेवलं. कानात नाव सांगायला आत्या इथे नाही, प्रतिमा आत्या झाली.

रवींद्रांनी गॅरेजमध्ये बोलावून सांगितलं, आपल्या नौदलाने चाच्यांची मोठी बोट बुडवली. मी तिथल्या तिथे हात जोडले. शेवटी कोणीतरी राजा असल्यासारखा वागला. जेवणात गोडाचा शिरा केला. नीलाने विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, असाच.

२९ नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवस टीव्ही बंद नाही. मुंबई जळते आहे. नीलाही बघते. तिला आवरता येत नाही, कोणालाच येत नाही. ते लोक समुद्रातून आले. आधी गुजरातेतली एक मासेमारी बोट धरली, तिच्या खलाशांना मारलं. टीव्हीवर हॉटेल दाखवतात, खलाशांची एक ओळ खालून सरकत जाते. फोन सारखा वाजतो, सगळे सगळ्यांची चौकशी करतात. प्रत्येक वेळी नीला दचकते. दर वेळी मीही.

आणि मधल्या एका दिवसाचा पेपर रवींद्रांनी लपवला होता, तो मला कचऱ्यात सापडला. नौदलाने बुडवलेली ती बोट थायलंडच्या मच्छीमारांची होती. चाच्यांनी आधी धरलेली. आत पकडलेले खलाशी होते. एक वाचला, सहा दिवस समुद्रात तरंगत होता.

मी शिरा केला होता.

आता मी वाचत नाही. पुस्तक उघडलं की नुसत्या ओळी दिसतात. चाचा कोण, सरकारी माणूस कोण, हे ठरवायला एवढी हुशार माणसं बसली, आणि वरून तोफ डागणाऱ्यालाही ते दिसत नाही. बोटीत चाचे आणि पकडलेले दोन्ही असतात. तिथले चाचे म्हणे सांगतात की परके ट्रॉलर आमचे मासे नेतात, आम्ही आमचा किनारा राखतो. कान्होजीही हेच म्हणत. मला त्यांचं पटत होतं. आता पटवून घ्यायची इच्छा नाही आणि खोटं म्हणायचं बळही नाही. मला फक्त देवू हवा आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी मी बाळाला तेल लावत होते. नीला आत शेक घेत होती. फोन वाजला. तो बाहेरच्या खोलीत टेबलावर होता, माझे हात तेलाचे. मी बाळाला दुपट्यात गुंडाळून उचललं आणि धावले. तिकडून नीला धावत आली, अनवाणी, केस मोकळे. सव्वा महिना झालेला नाही, टाके आहेत, तरी. आम्ही दोघींनी एकदम फोनवर हात घातला. माझ्या तेलाने तो निसटला, तिने झेलला. छोट्या पडद्यावर लांबलचक नंबर होता.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. दोघींनाही कळलं. विचारायला वेळ नव्हता. तिने बटण दाबून फोन दोघींच्या मध्ये धरला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

पलीकडे एक माणूस होता. तरुण असावा. म्हणाला, "मदर? यू मदर?"

मी म्हणाले, "येस सर."

असंच म्हणाले. सर. दोन महिने मी वाचत होते त्याला काय म्हणायचं ते. सगळ्या मानवजातीचा शत्रू. आणि माझ्या तोंडून पोस्टमास्तरांना म्हणावं तसं निघालं. हात जोडायला मोकळे नव्हते, बाळ होतं, नाहीतर तेही केलं असतं.

तो म्हणाला, कंपनी फार वेळ लावते. तू कंपनीला सांग, लवकर. तोडकं इंग्रजी, माझ्यासारखंच. "यू टेल. यू प्रॉमिस, मदर?"

"आय प्रॉमिस, सर."

"ओके. युवर सन."

मग देवू. "आई." एवढंच, आणि मग बराच वेळ काही नाही. मी म्हटलं, बोल रे. तो म्हणाला, "मी बरा आहे. जेवतो. तिकडे थंडी असेल ना?" म्हटलं, आहे. "स्वेटर घालतेस?" म्हटलं, घालते. नीला बाळाचा पाय चिमटायला लागली, ते रडावं म्हणून. बाळ रडलं. देवू म्हणाला, "हे काय? कधी?" नीला म्हणाली, "मुलगी आहे, मामा," आणि पलीकडून तो हसला का रडला ते कळायच्या आत फोन तुटला.

मग आम्ही सोफ्यावर बसून राहिलो. तेल सगळ्या सोफ्याला. मी विचारलं, तुला केव्हापासून? तिने सांगितलं. ऑक्टोबरात, तो राँग नंबर. तेव्हाही देवूच होता. त्याने विचारलं होतं, आई आहे का? नीला म्हणाली, लायब्ररीत गेली आहे. तो म्हणाला, "लायब्ररीत? मग वाचू दे. तिला नको सांगूस, तिचा जीव अर्धा होईल." आणि हिने त्याला शब्द दिला. रात्री रवींद्रांना सांगितलं तर ते डोकं धरून बसले. त्यांनी मला आधीच शब्द दिलेला होता, आता हिला दिला, आणि दोन्ही पाळले. मी म्हटलं, त्या डच वकिलाला जावई आवडले असते. नीलाला काही कळलं नाही. मला हसू आलं आणि मग थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

त्या दिवशी मी त्याला शोधत पुस्तकात बसले होते, आणि तो इथे मला हाक मारत होता. हे लिहून ठेवते. यावर काही लिहिता येत नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

शब्द पाळला. मंगळवारीच राजीवना फोन केला. म्हटलं, त्या माणसाने सांगितलंय, लवकर करा, मी त्याला वचन दिलंय. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं मी मालकांपर्यंत पोचवतो." काल विचारलं, पोचवलं का? पोचवलं म्हणाले. यापुढे माझ्या हातात काही नाही. आधीही नव्हतं, पण तेव्हा पुस्तकं होती.

रवींद्र आज पुस्तकं परत करून आले. प्रतिमाने खीर पाठवली आहे. तिला ऑक्टोबरपासून माहीत होतं. मराठी पेपरात नावं आली होती तेव्हाच तिने आडनाव वाचलं. मंडळात कोणाला बोलली नाही.

माझी इथे राहायची मुदत फेब्रुवारीत संपते. अलिबागचं घर प्रताप झाडून ठेवतो. तिकीट काढायचं का, हे मला कोणी विचारत नाही आणि मीही काढत नाही. देवूला नंबर इथला पाठ आहे.

दुपारी नीला म्हणाली, आई, तो खरंच जेवत असेल का गं? तसं म्हणायला लावत असतील. मी म्हटलं, ते मला माहीत नाही. पण तो बोलायचा थांबला होता ना, तेव्हा मागे काय ऐकू आलं तुला? ती म्हणाली, नाही बाई, काही नाही. मी म्हटलं, डोळे मीट आणि आठव.

तिने मिटले. मीही मिटले. आधी काही नव्हतं, मग आलं. खालून, लांबून, घरघर. जहाजाच्या जनरेटरचं इंजिन. अडखळत नव्हतं, एकसारखं होतं. कोणीतरी त्याला वेळेवर तेल देतंय, त्याचं ऐकतंय.

नीला म्हणाली, "चालू होतं."

म्हटलं, हो.

बाहेर बर्फ पडतो आहे. स्वानंदी मांडीवर झोपली आहे. तिच्या पलीकडे फोन आहे. हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून बसले आहे.